स्कॉलरशिप चालू, व्हिसा रद्द, पेपर एक बाकी

आधी प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो. काबूलची एक मुलगी २०१९ ला भारत सरकारच्या स्कॉलरशिपवर आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, एमएस्सी पर्यावरणशास्त्राला आली. चार सेमिस्टरचा कोर्स. तीन सेमिस्टर पूर्ण पास, डिझर्टेशन पास, व्हायवा पास, फक्त तिसऱ्या सेमिस्टरचा एक पेपर राहिला आणि त्या एका पेपरापायी डिग्री अडकली ती आजपर्यंत. परदेशी विद्यार्थ्यांचं कोऑर्डिनेटरपद कॉलेजनं माझ्या गळ्यात टाकलेलं (त्याचा वेगळा पगार नसतो, हे आधीच सांगून ठेवतो), म्हणून ही फाइल माझ्याकडं होती. मुलीचं नाव, कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण कळेलच.

ही स्कॉलरशिप कोणती ते आधी बघू, कारण आपल्याकडं लोकांना वाटतं परदेशी पोरं म्हणजे सगळी श्रीमंत बापाची. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, मौलाना आझादांनी १९५० ला सुरू केली, परराष्ट्र मंत्रालयाच्या हाताखाली चालते. ट्यूशन फी सरकार भरतं, वर महिन्याला स्टायपेंड, पदवीला १८ हजार, पदव्युत्तरला २० हजार, पीएचडीला २२ हजार, घरभाडं वेगळं. अफगाणिस्तानसाठी दरवर्षी १००० जागा होत्या, एका देशाला एवढ्या म्हणजे लई झाल्या. त्याच काळात तिथं सलमा धरण, संसदेची इमारत, झरंज-देलाराम रस्ता असली कामं भारताच्या पैशानं झाली, आणि स्कॉलरशिप हा त्याच मदतीचा एक भाग. धरण तिथं जाऊन बांधतात आणि माणूस इकडं आणून शिकवतात, असा सरळ हिशोब.

आता पोर्टलवर पोरं पसंतीनं पाच विद्यापीठं टाकतात. दिल्ली, पुणे, हैदराबाद, बेंगळुरू, आणि पाचव्या नंबरला आम्ही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पाचव्या नंबरला येणारी पोरं चांगली टिकतात असा माझा अनुभव आहे, कारण शहर लहान, खर्च कमी, आणि इथं बाहेरच्या देशातल्या पोरांची लोकांना सवय आहे. येमेनची पोरं तर इथं कित्येक वर्षं दिसतात, त्यांच्या कॉमन गोष्टी, कुठल्या दुकानात कोणता ब्रेड मिळतो इथपासून, नवीन आलेल्याला आपोआप कळतात.

तरी खोली मिळणं हा पहिला डोंगर असतोच. परदेशी माणूस ठेवला की घरमालकाला तेव्हा सी फॉर्म भरावा लागायचा, म्हणजे त्या माणसाची सरकारकडं नोंद, चोवीस तासांच्या आत, ऑनलाइन. आपल्याकडचा घरमालक भाडेकरार करायला तयार नसतो, तो पोलिसांच्या साइटवर स्वतःहून खातं कशाला काढेल. तीन-चार ठिकाणी नाही म्हणून झाल्यावर बेगमपुऱ्यात एक काकू तयार झाल्या, त्यांचा मुलगा सायबर कॅफे चालवायचा म्हणून फॉर्मची भीती नव्हती. भाषा एकमेकींना येत नव्हती, पण मुलीला हिंदी सिनेमामुळं हिंदी बऱ्यापैकी समजायची आणि काकूंची हिंदी म्हणजे मराठीच असते शेवटी "है" लावलेली. जमलं.

अभ्यासात ती मधली होती, टॉपर वगैरे नाही. पण पहिल्या वर्षी आम्ही पोरांना पाणचक्कीला नेलं आणि नहर-ए-अंबरीची माहिती सांगत होतो, मलिक अंबरनं सतराव्या शतकात शहराला जमिनीखालून पाणी आणलं, बोगदा, वर ठराविक अंतरावर हवेचे बंबे, उतारानं येणारं पाणी, वगैरे. ही मुलगी मध्येच म्हणली, सर हे तर कारेझ आहे, आमच्या गावाला आजोबांच्या शेतात हेच पाणी येतं. मग तिनंच अर्धा तास सांगितलं, कारेझ साफ करणारी माणसं कोण असतात, वाटणी कशी ठरते, बोअर मारल्यावर कारेझ कशी आटते. बोअरचं ऐकून आमची पैठण-गंगापूरची पोरं माना हलवायला लागली, ते दुखणं त्यांच्या ओळखीचं. डिझर्टेशनचा विषय तिथंच ठरला, नहरीच्या पाण्याची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, नायट्रेट, क्षार, जिवाणू.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. काही महिने ती खोलीतच होती, काकूंच्या घरचं जेवत होती, मग विमानं थोडीफार सुरू झाल्यावर घरी गेली, बहुतेक सगळीच पोरं गेली. ट्रंक, पुस्तकं, कुकर खोलीतच. क्लास ऑनलाइन होते, परीक्षाही ऑनलाइन, एमसीक्यूवाल्या. तिसऱ्या सेमिस्टरला एका पेपरच्या मध्येच काबूलला लाइट गेली, पेपर अर्धवट सबमिट झाला, नापास. बॅकलॉग. तेव्हा कुणाला काही विशेष वाटलं नाही, आपल्याकडं बॅकलॉग म्हणजे सर्दीसारखी गोष्ट, पुढच्या वेळी निघतो.

पुढची वेळ आली ऑगस्ट २०२१ ला.

१५ तारखेला काबूल पडलं. दोन दिवसांनी आपल्या गृह मंत्रालयानं अफगाण लोकांसाठी इमर्जन्सी ई-व्हिसा जाहीर केला, आणि २५ ऑगस्टला सांगितलं की आता फक्त याच ई-व्हिसावर भारतात येता येईल, जे अफगाण लोक सध्या भारताबाहेर आहेत त्यांचे आधीचे सगळे व्हिसे रद्द. कारण सुरक्षेचं होतं, काही पासपोर्ट गहाळ झाल्याची बातमी होती, त्या आठवड्यात कुठल्याही देशानं तेच केलं असतं, मी त्यावर वाद घालत नाही. पण त्या एका ओळीत आमची मुलगी बसली. तिच्याकडं वैध स्टुडंट व्हिसा होता, सकाळी होता आणि संध्याकाळी नव्हता. आणि अशी ती एकटी नव्हती, कोविडमुळं घरी गेलेली हजारो अफगाण पोरं भारतातल्या कॉलेजांच्या हजेरीपटावर होती आणि स्वतः काबूल, हेरात, मझारला.

इथं गंमत बघा, गंमत म्हणजे वाईट गंमत. स्कॉलरशिप रद्द झाली नव्हती. परराष्ट्र मंत्रालयाच्या कागदावर ती आमची स्कॉलर होतीच. गृह मंत्रालयाच्या कागदावर तिला देशात येता येत नव्हतं. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर, आणि त्या दोन कागदांच्या मध्ये काय करायचं याचा तिसरा कागदच नव्हता. तिनं ई-व्हिसाला अर्ज टाकला. स्टेटस जे पहिल्या दिवशी होतं तेच शेवटपर्यंत राहिलं.

चौथ्या सेमिस्टरचे पेपर तिनं त्याच धामधुमीत मोबाइल डेटावर दिले, कसे दिले तिलाच माहीत, आणि पास झाली. बॅकलॉगचा पेपर त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होता, त्या दिवशी नेटच नव्हतं. गैरहजर.

डिझर्टेशनचं काय करायचं यावर डिपार्टमेंटमध्ये बरीच चर्चा झाली. एक मत असं की इथल्या ज्युनियर पोरांनी नहरीचे नमुने आणावेत, लॅबमध्ये तपासावेत, आकडे तिला पाठवावेत, ती लिहील. गाइड मॅडमनी नाही म्हणलं, हात न लावलेल्या नमुन्यांवर सही मी देणार नाही. मग कुणी म्हणलं की तिनं तिथल्याच विहिरींचं पाणी घ्यावं. मॅडम त्यालाही नाही म्हणल्या, आणि बरोबर म्हणल्या, त्या दिवसांत एकट्या पोरीनं बाटल्या घेऊन विहिरी फिरायच्या, असल्या मार्कांची गरज नाही. शेवटी विषयच बदलला, नहर आणि कारेझ यांची तुलना, छापील साहित्यावरून. तिला दारी, म्हणजे तिकडची फारसी, वाचता येतं, जुने नकाशे आणि सिंचनाचे रिपोर्ट तिनं तिथून शोधले, आमच्यापैकी कुणाला ते जमलं नसतं. मूळ विषयापेक्षा हे काम सरस झालं असं माझं मत आहे, आणि बाहेरच्या परीक्षकांनी पण ऑनलाइन व्हायवात तेच सांगितलं.

म्हणजे डिझर्टेशनसारखं अवघड काम सुटलं. अडलं कशावर, तर ओटीपीवर.

हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, ती परीक्षा अजून ऑनलाइन होती, म्हणजे हीच शेवटची संधी. पोर्टलवर लॉगिन केलं की ओटीपी जायचा तिच्या भारतातल्या मोबाइल नंबरवर. ते सिम वर्षभर रिचार्ज नाही म्हणून बंद पडलेलं. नंबर बदलायचा तर विद्यार्थ्यानं स्वतः येऊन अर्ज द्यायचा, ओळखपत्र दाखवायचं. आम्ही लेटरहेडवर लिहून दिलं, तिनं सही करून स्कॅन पाठवला, उत्तर आलं की मूळ प्रत लागेल. काबूलहून मूळ प्रत कुरिअरनं पाठवायची त्या दिवसांत! फी भरायचं पण तेच, तिच्या इथल्या बँकेच्या खात्यात स्टायपेंडचे पैसे शिल्लक होते, पण खात्याला तोच नंबर, व्हिसा रद्द म्हणून केवायसी अडकलेली, आणि डेबिट कार्ड तिथं चालेना. तिथल्या बँका तेव्हा लोकांना त्यांचे स्वतःचे पैसे आठवड्याला २०० डॉलरच्या वर देत नव्हत्या. फी आम्ही इथं गोळा केली असती हो, तो प्रश्नच नव्हता, पण लॉगिन झाल्याशिवाय भरणार कुठं.

नंबर बदलून आला तेव्हा फॉर्मची तारीख उलटून गेली होती. आणि २०२२ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या विद्यापीठांनी परीक्षा परत ऑफलाइन केल्या. पेपर आता केंद्रावर बसूनच. केंद्रावर यायला व्हिसा. झालं, गोल पूर्ण.

आम्ही खास बाब म्हणून एका पेपरची ऑनलाइन परवानगी मागितली. पत्रं गेली, आठवणपत्रं गेली. तोंडी सगळे चांगलं बोलायचे, सर तुमचं म्हणणं खरंय, पण लेखी उत्तर एकच, नियमात तरतूद नाही. एकासाठी केलं तर उद्या बाकीचे मागतील. मागू द्या ना, अशी बाकीची आहेत किती आणि त्यांचे पेपर किती, पण हे मी मनात म्हणलं. २० डिसेंबर २०२२ ला तालिबाननं बायकांना विद्यापीठंच बंद केली, म्हणजे तिथं एखाद्या कॉलेजात बसून आमचा पेपर घ्यायची एक आयडिया होती तीही संपली. दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांत पूर्ण करायचा असा आमच्याकडं नियम आहे, २०२३ ला ती मुदत पण गेली.

याच दरम्यान स्टाफरूममध्ये एक बोलणं झालं ते सांगितलंच पाहिजे. आमचे एक सहकारी, भोकरदनकडचे, स्पष्ट बोलणारे. म्हणले, तुम्ही हिच्या एका पेपरासाठी एवढी पत्रं लिहिताय, माझ्या वर्गातल्या पोराचा स्कॉलरशिपचा हप्ता रखडलाय म्हणून तो दिवाळीनंतर आलाच नाही, त्याच्यासाठी कुणी पत्र लिहिलं? लोकांना मदत करायला जगात निघालोय आणि घरात पीठ नाही. हा प्रश्न टाळून चालत नाही. मराठवाड्यात तरी नाहीच, इथं पाऊस हुकला की कॉलेजची हजेरी कमी होते हे मी दरवर्षी बघतो. त्यांना मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक म्हणजे हा पैसा काबूलला जातच नाही. फी आपल्या कॉलेजला, भाडं बेगमपुऱ्यातल्या काकूंना, मेसचे पैसे मेसवाल्याला, सगळं गावातच फिरतं. जगभर असंच आहे, जर्मनी-फ्रान्ससारखे देश तर परदेशी पोरं आपल्या विद्यापीठात शिकतात त्याचा खर्चसुद्धा परदेशी मदतीच्या आकड्यात धरतात, आणि त्यावरून त्यांना बोलणी पण बसतात की मदत म्हणता आणि खर्च घरातच करता. ते म्हणले, मग ही मदत त्यांना की आपल्याला? मी म्हणलं, डिग्री मिळाली तर त्यांना, नाही मिळाली तर नुसतीच आपल्याला. दुसरी गोष्ट मी सांगितली नाही, चहा आला.

पण खरी गोष्ट तीच आहे. या सगळ्या स्कॉलरशिपांची घोषणा कायम जागांची होते. अफगाणिस्तानला वर्षाला १०००. २०१५ च्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत पाच वर्षांत ५०,०००. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ४.ब म्हणून एक कलम आहे, विकसनशील देशांसाठीच्या स्कॉलरशिप वाढवा म्हणून, त्याचं मोजमाप काय, तर स्कॉलरशिपवर मदतीचे किती पैसे गेले. आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचं पण नाव काढलं की पहिला आकडा येतो ७५ जागा. जागा मोजायला सोप्या, जाहीर करायला बऱ्या दिसतात. आमची ही मुलगी त्या १००० मध्ये मोजली गेली. तिच्यावर सरकारनं फी भरली, स्टायपेंड दिला, तो खर्च झाला आणि मदत म्हणून लिहिला गेला. हातात तिच्या एक मार्कशीट, "निकाल राखीव" लिहिलेली.

दुसरं एक गृहीत धरलेलं असतं की पोरगं शिकेल, परत जाईल, देश उभा करेल, आणि जमलं तर भारताची आठवण ठेवेल. हे कधी कधी खरंच घडतं, हमीद करझाई शिमल्यात एमए झाले आणि पुढं राष्ट्राध्यक्ष. कधी भलतंच घडतं. नोव्हेंबर २०२४ ला तालिबाननं मुंबईत ज्याला कार्यवाहक कॉन्सुल म्हणून नेमलं तो इक्रामुद्दीन कामिल दिल्लीच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीत शिकलेला. म्हणजे शिकून कोण कुठं बसेल हे देणाऱ्याच्या हातात नसतं आणि नसावंच. बाबासाहेबांना १९१३ ला बडोद्याच्या महाराजांनी कोलंबियाला पाठवलं तेव्हा दहा वर्षं संस्थानात नोकरीची अट होती, आणि १९१७ ला ते परत आले तर बडोद्यात त्यांना राहायला कुणी जागा देईना, नोकरी सोडून निघावं लागलं. अट देणाऱ्यानं घातली, पण परत आलेल्या माणसाला उभं राहायला जागा आहे का ते कुणी बघितलं नाही. या मुलीला तर ना जायची जागा राहिली ना यायची.

खोलीचं सांगायचं राहिलं. काकूंनी वर्षभराहून जास्त खोली कुलूप लावून ठेवली, भाडं मागितलं नाही. नंतर मुलाच्या लग्नाला खोली लागली तेव्हा मला फोन केला, सर सामान घेऊन जा पण कुकर माझ्याकडं राहू द्या, तिला मी नवीन घेऊन देईन. पुस्तकं डिपार्टमेंटच्या लायब्ररीत ठेवली. डिपॉझिट काकूंनी माझ्या हातात दिलं, ते तिच्या इथल्या एका मैत्रिणीमार्फत पोहोचलं, कसं ते विचारू नका.

२०२३ ला भारत सरकारनं अफगाण विद्यार्थ्यांसाठी १००० ऑनलाइन स्कॉलरशिप काढल्या, ई-विद्याभारती पोर्टलवर, घरबसल्या भारतातल्या विद्यापीठाची डिग्री. मुलींसाठी हे खरंच मोठं काम झालं, तिथं दुसरा कुठला दरवाजा उघडा नाही, याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. आमच्या मुलीनं अर्ज केला आणि तिला ॲडमिशन मिळाली. परत पदव्युत्तर, या वेळी एमए, परत पहिलं सेमिस्टर. मी विचारून बघितलं की आधीचे चार सेमिस्टरचे क्रेडिट धरता येतात का, राहिलेला एक पेपर याच स्कीममधून देता येतो का. स्कीम वेगळी, विद्यापीठ वेगळं, कोर्स वेगळा. म्हणजे सरकार तिला पूर्ण डिग्री ऑनलाइन द्यायला तयार झालं, दोन वर्षांचा खर्च परत नव्यानं करायला तयार झालं, पण एक पेपर ऑनलाइन घ्यायची सोय कुठल्याच कार्यालयात बसत नव्हती. हे ऐकून भोकरदनवाले सहकारी एवढंच म्हणले की हे आपल्या पोरांच्या बाबतीत पण असंच असतंय, आणि मला वाटतं पहिल्यांदा आमचं दोघांचं एकमत झालं.

कुणाच्या कॉलेजात परदेशी सरकारी स्कॉलर असतील तर आत्ताच, सगळं नीट चालू असताना, तीन कामं करून ठेवा. पोर्टलला आणि बँकेला नंबरसोबत ईमेलवर ओटीपी येईल अशी सोय करून घ्या, आणि होत नसेल तर तसं लेखी मागून ठेवा. घरी सुट्टीला जाण्याआधी पोरांकडून एक अधिकारपत्र सही करून घ्या, इथल्या कुणाच्या तरी नावानं, फॉर्म भरणं, मार्कशीट घेणं, नंबर बदलणं यासाठी, मूळ प्रत फाइलला. आणि ज्यांचं वजन विद्यापीठात आहे त्यांनी परीक्षा मंडळापुढं एवढा ठराव न्यावा की युद्ध किंवा सरकारी आदेशामुळं देशात येता न येणाऱ्या विद्यार्थ्याचे राहिलेले पेपर त्याच्या देशात किंवा ऑनलाइन घेता येतील आणि तो काळ चार वर्षांच्या मुदतीत धरू नये. आम्ही असा मसुदा दिलेला आहे. सुदानला एप्रिल २०२३ पासून लढाई चालू आहे, तिथली पोरं पण इथं आहेत, त्यातली काही घरी गेलेली. मसुदा कुणाला हवा असेल तर विचारा, मराठीत आहे, जसाच्या तसा वापरा.